मदत हवी आहे: गोजरीतला 'माल-डंगर' कोणता समास?

गोजरी बोलणारं, किंवा राजौरी-पूंछकडे राहिलेलं कुणी इथे आहे का?

मी वेगवेगळ्या भाषांतले जोडशब्द अर्थाच्या अंगाने लावून पाहते आहे. दोन पदांचं एकमेकांशी नातं काय, एवढाच प्रश्न. गोजरी ही जम्मू-काश्मीरमधल्या गुज्जर-बकरवाल या पशुपालक समाजांची भाषा. बोलली जाते डोंगरात, पण नातं राजस्थानीशी, म्हणून ती मला फार मोलाची वाटते.

'मां-बाप' सरळ आहे, आपल्या आईवडिलांसारखा इतरेतर द्वंद्व, म्हणजे नुसती दोन पदांची बेरीज. 'रोटी-पाणी' मीठभाकरीच्या जातीचा, समाहार द्वंद्व, म्हणजे दोन पदांत त्या जातीचं बाकीचंही आलं. चहाबिहासारखे शब्द सध्या बाजूला ठेवलेत.

अडलंय ते 'माल-डंगर'पाशी. तिकडे 'माल' म्हणजे पाळलेली जनावरंसुद्धा, आणि 'डंगर' म्हणजे गुरं. मग दोन्ही पदं एकाच अर्थाची म्हणायची का, आपल्या केरकचऱ्यासारखी? की 'माल'मध्ये सगळंच आलं आणि 'डंगर' हा त्यातला एक प्रकार? की ही चक्क बेरीज आहे, शेळ्यामेंढ्या अधिक गायीम्हशी?

बेरजेची शक्यता मला सोडवत नाही. बकरवालांकडे मुख्यतः शेळ्यामेंढ्या. उन्हाळ्यात पीर पंजालची डोंगररांग ओलांडून वरच्या कुरणांत जायचं, थंडीत जम्मूकडच्या सखल भागात उतरायचं. दोधी गुज्जरांकडे म्हशी, दुधाचा धंदा. तेव्हा एकच जोडशब्द एका घरात समानार्थी आणि दुसऱ्या घरात बेरजेचा असू शकेल. आपल्याकडेही 'गुरंढोरं' म्हटलं की गायीबैल, म्हशी डोळ्यांपुढे येतात, मेंढ्या येत नाहीत.

दुसरं, क्रियापदाचं. मराठीत 'आईवडील आले' अनेकवचनी, पण 'भाजीपाला महागला' एकवचनी. द्वंद्व कोणता हे क्रियापदच सांगून टाकतं. गोजरीत पुल्लिंगी एकवचनाला ओकार लागतो. मग 'रोटी-पाणी'पुढे क्रियापद 'पाणी'प्रमाणे ओकारान्त होतं, की 'रोटी'प्रमाणे ईकारान्त?

म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेने 1982 साली गोजरी व्याकरण काढलं होतं. कुणाकडे असेल तर शब्दसिद्धीची पानं पाठवाल का? तिकडचं गोजरी लेखन बहुतेक उर्दूच्या लिपीत असतं आणि माझं त्या लिपीचं वाचन अजून संथ आहे.

प्रतिसाद: ताई, 'डंगर म्हणजे काय' असं विचारू नका, सगळे 'जनावर' म्हणून मोकळे होतील. 'शेळी मेली तर डंगर मेलं म्हणाल का?' असं विचारा. म्हशीवाल्याला वेगळं, शेळ्यावाल्याला वेगळं. आणि पदं उलटी करून बघा, 'डंगर-माल' कानाला खटकतं का ते. क्रम पक्का असेल तर शब्द मुरलेला आहे, एवढं तरी कळेल.

धागाकर्ती: शेळीचा प्रश्न फार उपयोगी आहे, आभार! क्रम पक्का निघाला तरी समानार्थी की बेरीज हे त्यातून ठरणार नाही, कारण 'केरकचरा' उलटत नाही आणि 'आईवडील'ही नाही. म्हणून शेळीवरच भर देते. जम्मू किंवा पूंछमध्ये नोकरीला असलेलं कुणी दोन्हींकडे हा एक प्रश्न विचारू शकेल का? उत्तर गोजरीतच, जसंच्या तसं लिहून पाठवलंत तर क्रियापदही हाती लागेल.