सुरक्षेची 'हमी', 'आश्वासन' की आणखी काही? (शब्द हवा आहे)

तर्जुमा
युक्रेनवरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय आणि एका परिच्छेदावर गाडी अडलीय. ५ डिसेंबर १९९४ ला बुडापेस्टमध्ये सह्या झाल्या त्या मेमोरँडमबद्दल आहे. युक्रेनने अण्वस्त्रं सोडायची, अण्वस्त्रप्रसारबंदी करारात यायचं. बदल्यात अमेरिका, ब्रिटन आणि रशियाने त्याच्या सीमांचा मान राखायचा. लेखकाचा सगळा भर यावर, की अमेरिकी बाजूने इंग्रजी मसुद्यात 'गॅरंटी' येऊ दिली नाही, 'ॲशुरन्स' ठेवला. गॅरंटी ही नेटोच्या सदस्यांना असते ती, लष्करी जबाबदारीसकट. ॲशुरन्स त्याहून हलका.

मी पहिल्याला 'हमी' केलं, दुसऱ्याला 'आश्वासन'. संपादकांनी दोन्हीकडे 'हमी' करून परत पाठवलं. म्हणे पेपरात सगळे 'सुरक्षेची हमी'च लिहितात. आता वाक्य असं झालंय: 'युक्रेनला हमी मिळाली, पण हमी मिळाली नाही.' 'आश्वासन' मलाही पुरतं पटत नाही, त्याला निवडणुकीचा वास येतो. कुणाला काही सुचतंय?

मोडीप्रेमी
'ग्वाही' आहे की सरळ. 'पाठीशी उभे राहण्याची ग्वाही दिली.' देणारा कशातच अडकत नाही आणि ऐकायला भारदस्त.

पतपेढी सचिव
अहो, ग्वाही म्हणजे साक्ष! फारसी गवाही. 'इतिहास ग्वाही देतो' यात वचन कुठे आहे? पुढारी आणि वार्ताहर यांनी मिळून तिचं आश्वासन करून टाकलं.

मोडीप्रेमी
टाकलं ना? मग झालं. 'कौल'ही अरबीत नुसतं बोलणं. आपल्याकडे तो अभयाचा कागद झाला, देवळात प्रसाद झाला, आता मतदारांचा निकाल आहे. शब्द कुणाची परवानगी काढून फिरत नाहीत.

क्राकुफकर
तर्जुमाताई, संपादकांवर रागावण्याआधी एक गंमत ऐका. त्याच मेमोरँडमच्या रशियन आणि युक्रेनियन मसुद्यात शीर्षकातच 'गारांती'चं रूप आहे. त्या भाषांत या दोन इंग्रजी शब्दांना मिळून तो एकच शब्द वापरला गेला. आणि खाली लिहिलंय की इंग्रजी, रशियन, युक्रेनियन तिन्ही मसुदे सारखेच ग्राह्य! अमेरिकी वाटाघाटीकारांनी तेव्हाच बजावून ठेवलं होतं, की तुमच्या भाषेत काहीही म्हणा, अर्थ इंग्रजी 'ॲशुरन्स'चाच धरायचा. म्हणजे तुमचे संपादक नकळत कीव्हच्या बाजूने उभे आहेत.

माझ्या ऑफिसात युक्रेनमधल्या खार्किव्हची एक सहकारी आहे. तिच्यापुढे 'मेमोरँडम' म्हणायची सोय नाही. आम्ही मीटिंगच्या टिपणालासुद्धा दुसरं काहीतरी म्हणतो.

तर्जुमा
हे माहीतच नव्हतं! पण मग माझी पंचाईत वाढली. तळटीप देऊ का?

निवृत्त सुभेदार
शब्दावर एवढं का अडलंय कळत नाही. आमच्याकडे मोजमाप एकच: तिथे कुणाची पलटण बसलीय? दक्षिण कोरियाशी अमेरिकेचा करार १९५३ चा, पण उत्तर कोरिया वचकून असतो तो तिथल्या साडेअठ्ठावीस हजार अमेरिकी जवानांना. २०१७ पासून एस्टोनियात ब्रिटिश, लाटव्हियात कॅनडियन, लिथुआनियात जर्मन तुकड्या बसवल्यात. एवढ्याशा नफरीने रशियन फौज थांबत नाही, हे तिथल्या शिपायालाही ठाऊक आहे. पण पहिल्याच दिवशी त्यांची माणसं पडली की लंडनला घरात बसता येत नाही. युक्रेनमध्ये १९९४ नंतर अशी कुणाची पलटण होती? उलट काळ्या समुद्रावर सेवास्तोपोलला रशियाचाच आरमारी तळ होता.

आणि नेटोचं कलम पाच लोक न वाचताच उगाळतात. त्यात 'युद्ध करू' असं कुठेही नाही. प्रत्येक सदस्याने 'त्याला आवश्यक वाटेल ती' कारवाई करायची, त्यात सैन्यबळाचा वापरही आला. वाटेल ती! आजवर ते एकदाच लागू झालं, २००१ मध्ये अमेरिकेवर हल्ला झाल्यावर.

पतपेढी सचिव
सुभेदारसाहेबांशी निम्मा सहमत. पण शब्दाला किंमत नसती तर वकील उपाशी मेले असते. हमी म्हणजे काय ते १८७२ च्या करार कायद्यात, कलम १२६ मध्ये आहे. तीन माणसं लागतात: कर्ज देणारा, घेणारा आणि जामीनदार. घेणाऱ्याने बुडवलं तर जामीनदाराने भरायचं. आता बुडापेस्ट बघा. ज्याच्यापासून धोका, तो रशियाच सही करणाऱ्यांत. म्हणजे कर्जदारच स्वतःला जामीन राहिला. आमच्या पतसंस्थेत असा अर्ज आला तर शिपाईसुद्धा टेबलापर्यंत आणणार नाही.

२०२२ मध्ये इस्तंबूलला रशिया-युक्रेन बोलणी झाली, तिथे तीच गोष्ट पुन्हा. जामीनदार देशांच्या यादीत रशियाचं नाव होतंच, वर मॉस्कोचा आग्रह की कारवाई सगळ्या जामीनदारांच्या संमतीनेच व्हावी. म्हणजे हल्ला करणाऱ्याचा होकार घेऊन मदतीला जायचं! बोलणी फिसकटायला इतरही कारणं होती, पण या कलमावर कुठल्या शहाण्याने सही केली असती?

विदर्भातला शेतकरी
सचिवसाहेब, हमीचा एवढा थाट सांगू नका. 'हमीभाव' आमच्या अंगावरून रोज जातो. केंद्र जाहीर करते, बाजारात व्यापारी त्याच्या खाली पुकारतो, अन् खरेदी केंद्र सुरू व्हायच्या आत गरजू माणूस सोयाबीन विकून मोकळा झालेला असतो. कोणाला जामीनदार म्हणून धरू? तर्जुमाताई, तुम्ही बिनधास्त 'हमी' लिहा. आमच्याकडच्या वाचकाला बुडापेस्ट बरोबर समजते.

पतपेढी सचिव
तो शब्दाचा दोष नाही. 'रोजगार हमी' घ्या. १९७७ चा महाराष्ट्राचा कायदा: काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता. मोडली तर काय, हे आतच लिहिलंय. ती हमी. साखर कारखान्याच्या कर्जाला शासनाची 'थकहमी' असते तिथेही तेच, कारखाना थकला की बँक शासनाच्या दारात. हमीभावात मोडल्यावर काय ते लिहिलेलं नाही, म्हणून तो नावापुरता.

विदर्भातला शेतकरी
म्हणजे कारखान्याले थकहमी अन् शेतकऱ्याले नावापुरती. लिहून ठेवतो.

देववाणी
हमी अरबी, जामीन अरबी, ग्वाही फारसी, गॅरंटी तर बोलायलाच नको. ज्यांच्याकडे स्वतःचा शब्द आहे त्यांनी उसनवारी का करावी? संस्कृतात जामिनाला 'प्रातिभाव्य' म्हणतात आणि याज्ञवल्क्यस्मृतीने त्याचे तीन प्रकार केले आहेत. दर्शन, म्हणजे माणसाला हजर करीन. प्रत्यय, म्हणजे हा विश्वासू आहे, माझ्यावर भरवसा ठेवून व्यवहार कर. दान, म्हणजे त्याने न दिल्यास मी देईन. तर्जुमाताईंना हवा असलेला भेद हाच नव्हे काय? ॲशुरन्स हा 'प्रत्यय', गॅरंटी हे 'दान'.

मोडीप्रेमी
'युक्रेनला सुरक्षा-प्रत्यय मिळाला, सुरक्षा-दान मिळाले नाही.' छान. वाचक म्हणेल एक व्याकरणाचा तास आणि दुसरा हळदीकुंकवाचा कार्यक्रम.

पतपेढी सचिव
भेद सुरेख आहे, आवडला. पण पुढचं अर्धवट का सोडलंत? पहिले दोन जामीन खोटे पडले तर त्यांनाही स्वतः भरावं लागतं. तिसऱ्यात तर मुलांवरही देणं येतं. म्हणजे याज्ञवल्क्याचा नुसता भरवसा देणाराही सुटत नाही. बुडापेस्टवाले सुटले. युद्धाबिद्धाचं सोडाच, अण्वस्त्राचा धाक दाखवून आक्रमण झालं तर सुरक्षा परिषदेत जायचं, आणि शंका निघाली तर सल्लामसलत करायची, एवढंच त्यांच्या गळ्यात होतं. मार्च २०१४ मध्ये क्रिमिया हातातून जात असताना ती सल्लामसलत पॅरिसला बोलावली, तर रशियाचे परराष्ट्रमंत्री त्याच शहरात असून बैठकीला आले नाहीत. झाली सल्लामसलत.

देववाणी
मग दोष पाळणाऱ्यांचा, शब्दाचा नव्हे. आणि हळदीकुंकवाची टिंगल अनावश्यक होती.

मोडीप्रेमी
मागे घेतो. पण तुमचं 'उसनवारी' मला पटत नाही. या व्यवहारातले मराठीचे उत्तमोत्तम शब्द दरबारातून आलेत, कारण तो व्यवहारच तिथे झाला. १७५२ चा अहदनामा आठवा. अब्दालीने लाहोर घेतलं, दिल्लीला घाम फुटला, तेव्हा वजीर सफदरजंगाने मल्हारराव होळकर आणि जयाप्पा शिंद्यांशी कागद केला. बाहेरून अब्दाली येवो की आतला बंडखोर उठो, मराठ्यांनी पातशाही राखायची. बदल्यात ५० लाख रुपये आणि चौथाईचे हक्क. आक्रमण झालेल्या सत्तेला दिलेली हमी याहून पक्की कुठे सापडेल? आणि शब्द कोणता, तर 'अहद', म्हणजे करार. नऊ वर्षांनी आपण पानिपतावर उभे होतो, त्याचं एक मूळ या कागदात आहे. तेव्हा जामीनदाराने भरायचं म्हणजे काय, ते आम्हाला कलम १२६ मधून शिकवू नका.

पतपेढी सचिव
ते ५० लाख पूर्ण पोचले का, ते आधी सांगा.

निवृत्त सुभेदार
आणि त्याच्या उलटंही बोला. यशवंतराव होळकराने हडपसरला हरवल्यावर दुसरा बाजीराव वसईला जाऊन ३१ डिसेंबर १८०२ ला इंग्रजांची तैनाती फौज घेऊन बसला. सहा हजार पायदळ, खर्चाला २६ लाखांचा मुलूख. पलटण होती, कागद होता, सगळं होतं. १८१८ ला राज्यच राहिलं नाही. मी वर पलटणीचं माप सांगितलं त्याला ही पुरवणी जोडतो: पलटणीचा हुकूम कुठून येतो तेही बघावं.

तर्जुमा
सगळं वाचायला मजा येतेय, पण मला एक शब्द हवा होता हो...

काणकोणकर
आमच्याकडे कोंकणीत 'उतर दिलां' म्हटलं की विषय संपतो. 'शब्द दिला' लिहून बघा: 'युक्रेनला शब्द मिळाला, हमी नाही.'

हमीचं म्हणाल तर पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याला विचारा. पोर्तुगाल १९४९ पासून नेटोचा संस्थापक सदस्य, म्हणजे कलम पाच खिशात. पण कलम सहामध्ये नकाशा आखलाय: युरोप, उत्तर अमेरिका, उत्तर अटलांटिकमधली कर्कवृत्ताच्या वरची बेटं. गोवा त्यात कुठून येणार? मग त्याने इंग्लंडशी असलेली शतकांची जुनी दोस्ती काढली. लंडनने हात वर केले. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य आलं तेव्हा जगातल्या सगळ्यात पक्क्या हमीचा मालक एकटाच होता.

मोडीप्रेमी
गोव्याची मुक्ती आणि युक्रेनवरचं आक्रमण एका दावणीला बांधू नका. तिथे साडेचारशे वर्षांची वसाहत होती.

काणकोणकर
कोण बांधतंय? माझे आजोबा आग्वादच्या तुरुंगात होते, मला मुक्ती शिकवू नका. मी हमीच्या हद्दीबद्दल बोलतोय. हमी कुणापासून आणि कुठवर, ते बारीक अक्षरात असतं.

कोल्हापूरकर
बारीक अक्षरावरून सांगतो. ३१ मार्च १९३९ ला ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेन यांनी पोलंडला जाहीर हमी दिली, ऑगस्टात रीतसर करार केला. त्या कराराला एक गुप्त पुरवणी होती आणि तिच्याप्रमाणे हल्लेखोर म्हणजे फक्त जर्मनी. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौज घुसली तेव्हा ब्रिटनला काही करायचं बंधन नव्हतं. त्या पूर्व पोलंडातून सैबेरियात हाकललेल्या लोकांपैकी जवळजवळ पाच हजार १९४३ ते १९४८ आमच्या वळिवड्याच्या छावणीत राहिले. आता तिथे गांधीनगर आहे, कापडबाजार. माझी आजी त्यांच्या बराकीत अंडी विकायला जायची. 'जेन दोब्री' (पोलिश नमस्कार) म्हणायची शेवटपर्यंत, तेही आमच्या पोस्टमनला.

तेव्हा हमी मिळाली नव्हती असं नाही. ती यांच्यासाठी नव्हती.

क्राकुफकर
वळिवड्याचं नाव इथे पोलंडातही ऐकू येतं, पोलिश उच्चारात. आणि म्हणूनच असेल, सध्याच्या 'कलम पाच-सारखी हमी' या प्रकारावर इथले लोक फारसे भाळत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये वॉशिंग्टनला ती भाषा ऐकू आली, सप्टेंबरात फ्रान्सच्या मॅक्रोंनी २६ देश त्यात उतरायला तयार असल्याचं सांगितलं. पोलंडने आधीच स्पष्ट केलंय की आमचे सैनिक युक्रेनात जाणार नाहीत, वाहतूक आणि पुरवठा बघू. माझा प्रश्न अनुवादाचाच आहे: 'सारखी' मराठीत सुटी लिहायची की जोडून?

देववाणी
जोडून. शब्दयोगी अव्यय आहे.

तर्जुमा
'शब्द दिला' बरा वाटतोय, पण लेखात पुढच्याच ओळीत 'या शब्दाची निवड' असं आहे. दोन 'शब्द' आपटतील. २०२४ च्या ब्रिटन आणि अमेरिकेच्या करारांचं तर अजून यायचंच आहे. तिथे 'सुरक्षा सहकार्य' म्हणून मोकळे झालेत, आणि पुन्हा हल्ला झाला तर २४ तासांत सल्लामसलत.

पतपेढी सचिव
पुन्हा सल्लामसलत! या वेळी घड्याळ लावलंय, एवढी प्रगती. पैसा आणि शस्त्रं मात्र त्यात लिहून दिलीत, हेही सांगितलं पाहिजे.

निवृत्त सुभेदार
मुळात तुमचा पहिलाच शब्द चुकलाय. 'सुरक्षा' कशाला? 'संरक्षण' म्हणा. सोसायटीच्या फाटकावर उभा असतो तो सुरक्षा. संरक्षण म्हटलं की कुणीतरी हत्यार उचलणार, हे ऐकणाऱ्याला कळतं.

देववाणी
अजिबात नाही. सुरक्षा ही अवस्था, संरक्षण ही कृती. 'सुरक्षा परिषद' आहे, 'संरक्षण परिषद' नाही.

निवृत्त सुभेदार
म्हणूनच तिचं हे असं आहे. आपलं खातं 'संरक्षण मंत्रालय' आहे. हिंदीवाल्यांनी त्याचं 'रक्षा' केलं, तेही चाललं असतं. 'सुरक्षा' नको.

मोडीप्रेमी
'रक्षा' मराठीत लिहून बघा, लोक अस्थी विसर्जनाला निघतील.