आई-बाबांसाठी कंपनीच्या मेडिक्लेमवर सुपर टॉप-अप घ्यावा का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बाबा ६४, आई ६१, दोघं माझ्या कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आहेत. कव्हर ५ लाख, रूम रेंटला १ टक्क्याची मर्यादा म्हणजे दिवसाला ५ हजार, आणि पालकांच्या क्लेमवर २० टक्के कोपे (म्हणजे मंजूर रकमेतला तेवढा हिस्सा आपण भरायचा). गेल्या वर्षी बाबांची अँजिओप्लास्टी झाली, बिल ३ लाख ८० हजार, मंजूर झाले अडीच लाखाच्या आसपास. म्हणजे ५ लाखाचं कव्हर असून डिस्चार्जच्या दिवशी १ लाख ३० हजार खिशातून. रूम ८ हजारांची होती त्यामुळे रोजचे ३ हजार गेलेच, पण त्याच प्रमाणात डॉक्टरांची फी आणि ओटी चार्जेसही कापले, ग्लोव्हज-मास्क वगैरे २२ हजार नॉन-मेडिकल म्हणून वगळले आणि जे उरलं त्यावर २० टक्के कोपे.

आता एजंट म्हणतोय २० लाखाचा सुपर टॉप-अप (म्हणजे आहे त्या मेडिक्लेमच्या वरची जादा पॉलिसी) घ्या, ५ लाख डिडक्टिबल (म्हणजे वर्षभरातल्या तेवढ्या खर्चाच्या वर गेल्यावरच ती पैसे देते), प्रीमियम कमी बसतो आणि सगळी गॅप भरून निघेल. मला हेच पटत नाहीये. आमचं बिल ५ लाखाच्या खालीच होतं ना, मग ही गॅप कशी भरणार? ३ लाख डिडक्टिबल घेतलं तर उपयोग होईल का? बाबांना डायबेटिस आहे आणि आईचे दोन्ही गुडघे बदलायला सांगितलेत, तेही यात बसेल का? शिवाय उद्या मी नोकरी सोडली तर काय, ही धाकधूक आहेच. ज्यांनी असे क्लेम घेतलेत त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

प्रतिसाद १

ताई, तुमची शंका बरोबर आहे, एजंटने अर्धंच सांगितलंय. सुपर टॉप-अपवाले बेस पॉलिसीने (तुमच्या बाबतीत कंपनीच्या मेडिक्लेमने) किती दिले हे बघत नाहीत, त्यांच्या स्वतःच्या नियमात बसणारा खर्च वर्षभरात डिडक्टिबलच्या वर गेला का एवढंच बघतात. तुमच्या बिलातून नॉन-मेडिकल २२ हजार काढले तर ३ लाख ५८ हजार राहतात, ५ लाख डिडक्टिबलवर हातात शून्य. ३ लाखवाला असता आणि त्यात रूमची मर्यादा नसती तर ५८ हजार मिळाले असते, बाकीचे ७२ हजार तरी खिशातूनच. कोपेची भोकं त्याने पूर्ण बुजत नाहीत, मोठ्या आजारात मात्र तोच वाचवतो.

आणि नुसता टॉप-अप घेऊ नका, सुपरच घ्या. साध्या टॉप-अपमध्ये डिडक्टिबल प्रत्येक क्लेमला वेगळं लागतं. समजा एका वर्षात ४-४ लाखाची दोन बिलं झाली, तर ५ लाख डिडक्टिबलच्या साध्या टॉप-अपमधून काहीच नाही, सुपरमध्ये ८ वजा ५ असे ३ लाख मिळतात.

प्रतिसाद २

गुडघ्यांचं मी सांगतो, आमच्या आईचं झालंय. नवीन पॉलिसीत गुडघे बदलायला साधारण दोन वर्षांचा वेटिंग पीरियड असतो (तोवर त्याचा क्लेम मिळत नाही), अपघात असेल तरच सूट. तुमच्या ग्रुप पॉलिसीत वेटिंग नसेल (बहुतेक ग्रुपमध्ये नसतंच, एचआरकडून लेखी घ्या) तर नोकरी आहे तोवर ऑपरेशन त्यातूनच उरका, आणि रूम ५ हजारांच्या आतलीच घ्या, ट्विन शेअरिंग चालेल. ही एक गोष्ट केलीत तरी सगळ्यात मोठी कात्री वाचते. रूमप्रमाणे बाकीचे चार्जेस बदलत नाहीत अशा हॉस्पिटलात तर त्या प्रमाणात कापायला परवानगीच नाही, आयआरडीएआयचा (विमा नियामकाचा) तसा नियम आहे. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांनाही ते प्रमाण लावता येत नाही, बाबांचं सेटलमेंट लेटर पुन्हा एकदा नीट तपासा.

डायबेटिस आणि अँजिओप्लास्टी दोन्ही प्रपोजल फॉर्ममध्ये लिहाच, एजंट नको म्हणाला तरी. जुन्या आजारांचा वेटिंग पीरियड २०२४ पासून जास्तीत जास्त ३ वर्षं आहे, म्हणून जितक्या लवकर घ्याल तितकं बरं. नोकरी सोडताना ग्रुपमधून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, आधीच्या वर्षांचं क्रेडिटही मिळतं, फक्त शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. वैयक्तिक पॉलिसीच्या प्रीमियमवरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेलाय, त्यामुळे जुनं कोटेशन असेल तर नवीन मागवा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार, एजंटकडून एवढं कधीच कळलं नसतं. ३ लाख डिडक्टिबलचं कोटेशन मागवलंय, कन्झ्युमेबल्सचा (ग्लोव्हज-मास्क वगैरेंचा) रायडर, म्हणजे जोड-कव्हर, आहे का तेही विचारलंय. आईसाठी ५ हजारांच्या आत रूम मिळते का ते हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कला विचारते. एकच राहिलं, दोन वेगळ्या कंपन्यांकडे क्लेम करताना ओरिजिनल बिलं पहिल्या कंपनीकडे जातात ना, मग दुसरीला सेटलमेंट लेटर आणि शिक्का मारलेल्या झेरॉक्स चालतात का? कोणी प्रत्यक्ष केलं असेल तर सांगा.