प्रति: रिकाम्या जागेत सगळ्यांनी भाजी लावावी

संकटासाठी रिकाम्या जागेत सगळ्यांनी भाजी लावावी ही सूचना पटली, पण भाजी लावणं हा त्यातला सोपा भाग. संकटात बहुधा आधी तुटते ती वाहतूक. माल शेतात सडतो आणि दोन कोसांवरची माणसं रिकाम्या पिशव्या घेऊन उभी असतात. म्हणून पहिलं काम वहीचं: कोणाकडे काय, किती, कधी निघणार आणि कोणाला किती लागणार. आगाऊ नोंदणी झाली की शेतकरीही निर्धास्तपणे तोडणी करतो. पालेभाजी तर तोडल्यावर दिवसभरात मान टाकते; तिथे अंतर कमी असणं हाच मोठा फायदा.

बियाण्याबद्दल कोणीच बोललं नाही, याचं नवल वाटलं. सगळ्यांनी संकरित (दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून केलेलं) बी आणलं तर पुढच्या हंगामात पुन्हा दुकानाच्या दारात, कारण त्याची पुढची पिढी मूळ झाडासारखी निघत नाही. टोमॅटो, वाटाणा, घेवडा यांत बहुतांशी स्वपरागीभवन होतं, म्हणजे फूल स्वतःच्याच परागांनी फळतं, त्यामुळे सरळ (संकरित नसलेल्या) वाणाचं बी घरी धरणं सोपं. काकडी-भोपळ्याच्या वाणांची मात्र मधमाश्या सरमिसळ करतात (त्यांचा काय दोष!), तिथे दोन वाण लांब ठेवावे लागतात. बी चांगलं वाळवून हवाबंद बरणीत भरा, वर नाव आणि साल लिहा. ते साल लिहायचंच राहतं, मग बरणी हातात घेऊन सगळे एकमेकांकडे बघतात.

आणि हो, वही दोघांकडे असू द्या. एकटा उत्साही माणूस आजारी पडला की वाटप बंद.