मदत हवी आहे: दिवाळीला घरात अठरा माणसं आणि पाच आठवड्यांचं बाळ

आमचं घर सांगलीत, गावभागात. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे माझं बाळंतपण सासरीच झालं. लक्ष्मीपूजनाला लेक पाच आठवड्यांची होईल. घरातली पहिली नात, म्हणून तासगाव, कवठेमहांकाळ, पुणे अशी सगळी मिळून अठरा माणसं मुक्कामाला येणार. फराळाला मला कुणी हात लावू देत नाही, अनारसेसुद्धा जाऊबाईच करतायत. त्याबाबत तक्रार नाही.

अडचण अशी की बाळंतिणीची खोली रस्त्याकडेची. खिडकीखालीच बोळातली पोरं किल्ला करतात आणि नरकचतुर्दशीला पहाटे चारपासून लवंगी, सुतळी बॉम्ब सगळं तिथेच वाजतं. धूर येतो म्हणून खिडक्या लावाव्यात, तर सासूबाई बाळाच्या अंघोळीनंतर कोळशाच्या शेगडीवर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा टाकून धुरी देतात. खिडकी उघडी असायची तेव्हा मी चालवून घेतलं. पण बंद खोलीत निखारे ठेवले की विषारी वायू कोंडतो, हे बोलायला गेलं की "आम्ही काय पोरं वाढवली नाहीत?" नवरा दोघींच्या बोलण्याला मान हलवतो.

आणि आत्याबाई! सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. या घरातल्या प्रत्येक बाळाला पहिल्या दिवाळीत मधात सोनं उगाळून त्यांनीच चाटवलंय, माझ्या नवऱ्यालाही. आमच्या डॉक्टरांनी वर्षाच्या आत मध अजिबात नाही म्हणून बजावलंय. मधात काही जंतूंचे बीजाणू असू शकतात, ते बाळाच्या कोवळ्या आतड्यात रुजतात आणि विष तयार करतात. साध्या उकळण्यानेही मरत नाहीत म्हणे. आता ऐंशीच्या घरातल्या बाईला बीजाणू कसे समजावू? त्या रागावणार नाहीत, नुसत्या गप्प बसतील. मला तेच जास्त जड जातं.

शिवाय अठरा जणांत कुणी ना कुणी खोकणारच, आणि पापा तर प्रत्येकाला घ्यायचाय. सहा आठवड्यांची लस दिवाळीआधी उरकून घेता येईल का?

प्रतिसाद:
मी मिरजेत नर्स आहे. ती लस सहा आठवडे पूर्ण झाल्याशिवाय देत नाहीत, तेव्हा तो विचार सोडा. सर्दी-खोकला असलेल्याने खोलीत यायचंच नाही. बाकीच्यांनी साबणाने हात धुऊन यायचं. पापा घ्यायचाच तर पायाचा, हात तोंडात जातो. आणि धुरी बाळाला नकोच, खिडकी उघडी असली तरी. कानात कापूस कोंबू नका, चार दिवस मागच्या खोलीत बिऱ्हाड हलवा. सुगंधी उटणंही बाळाला लावू नका.

प्रतिसाद:
मध काढा, सोनं राहू द्या. आमच्याकडे आजेसासूबाईंच्या हातून बाळाला सोन्याचे मणी ओवलेले वाळे घालून घेतले. मान त्यांचा त्यांना मिळाला, चाटण मागेच पडलं. पण हे आधी फोनवर सांगायचं, ऐनवेळी नाही. आणि नवऱ्याने सांगायचं. सुनेने सांगितलं की त्याचा वेगळाच अर्थ निघतो.

मूळ धागालेखिका:
दोघींचे आभार. कोठीच्या खोलीतले हळदीचे डबे आजच हलवायला घेतले, खिडकी परसाकडे आहे. धुरीचं सासूबाईंना पुढच्या तपासणीला सोबत नेऊन डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवते. वाळ्यांची कल्पना नवऱ्याला पटली, लगेच फोनही लावला त्याने. आत्याबाई म्हणाल्या, "वाळे मीच करून आणते." मधाचा विषय मात्र त्याने काढलाच नाही. रात्री पुन्हा फोन लावायला बसवते. तोवर कुणाकडे आणखी काही युक्ती असेल तर सांगा, कारण त्या आता वसुबारसेलाच येतायत.