मुलगी मला सोडतच नाही, काय करू?

नमस्कार ताई-दादांनो. आम्ही दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात राहतो. मुलगी ७ वर्षांची. जूनअखेर शाळा उघडल्यापासून रोज सकाळी पोट दुखतं म्हणते, फाटकात माझा पदर सोडत नाही. रविवारी मात्र पोट दुखत नाही. उन्हाळ्यात तिची आजी वारली, तेव्हापासून मी कापूस वेचायला निघाले तरी विचारते, "माय, तू वापस येशील ना?" रात्री हात धरूनच झोपते. लोक म्हणतात लाडावली. मला नाही पटत, लेकरू खरंच भ्यालंय. चार आठवड्यांवर टिकलं तर दाखवा, असं आशाताई म्हणाल्या; आता तर कितीतरी महिने झाले. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर कोणी बोललंय का? यवतमाळला कोणत्या डॉक्टरांना दाखवू? आणि तोवर शाळेत सोडताना गुपचूप निघू, की सांगून?