लिंक नंतर, आधी उत्तर
आपल्या ग्रुपला माणसं मिळवायची तर "रोज दहा ग्रुपांवर लिंक टाका, शंभरातले दोन तरी येतीलच" असा सल्ला देतात; हे गणित पटलं नाही. उरलेले अठ्ठ्याण्णव आपलं नाव दिसलं की पुढे सरकतात, त्याचं काय? शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर फार फिरलेल्या मेसेजवर दुहेरी बाण येतो आणि २०२० पासून तो एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. ढकलपत्राचा शिक्काच की!

गच्चीवरच्या बागेच्या आमच्या ग्रुपसाठी मीही आधी लिंकाच वाटल्या; दोन ठिकाणांहून हाकललं. आता कुणी जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणाचा फोटो टाकला की तिथेच सविस्तर लिहितो: लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल, ते मिसळावं म्हणून साबणाचे थेंब, फवारणी संध्याकाळी, पानांच्या खालूनही. "अजून कुठे विचारू?" असं समोरून आलं तरच ग्रुपचा पत्ता, तोही इनबॉक्सात. माणसं कमी येतात, पण टिकतात.