मोठ्या स्वरांतलं रडू

डोळ्यांत पाणी आणणारं संगीत म्हणजे कोमल स्वर किंवा मायनर स्केल (पाश्चात्त्य संगीतातली उदास वाटणारी स्वरमालिका), असं अनेकदा म्हटलं जातं. मला ते पुरेसं वाटत नाही. बीथोवनच्या ओपस १३० या स्ट्रिंग क्वार्टेटमधली (चार तंतुवाद्यांच्या रचनेतली) 'कावातिना' ही संथ चाल ऐका. ती ई फ्लॅट मेजरमध्ये आहे, म्हणजे मायनरमध्ये नाहीच. १८२५ साली ती लिहिली तेव्हा त्याला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. मध्यावर एका जागी त्याने 'बेक्लेम्ट' अशी सूचना दिली आहे, म्हणजे छातीवर दडपण आल्यासारखं. बाकीची वाद्यं संथ लयीत चालू राहतात आणि पहिलं व्हायोलिन मात्र त्या लयीत बसतच नाही. वाक्य अर्ध्यावर सोडतं, पुन्हा उचलतं, पुन्हा अडखळतं. रडू आवरत बोलणारा माणूस असाच बोलतो. जेमतेम सात-आठ मापांची (तालाच्या आवर्तनांसारख्या भागांची) ही जागा, पण तिच्याआधी मी आजही श्वास धरून बसतो.

मारवा या रागाचंही तेच. कोमल स्वर एकच, रिषभ (रे). पंचम (प) वर्ज्य, आणि षड्ज, म्हणजे सा, जिथे सूर घरी परततात, इतका टाळलेला की घर समोर दिसतं पण आत जाता येत नाही. गायक अमीर खाँसाहेबांचा विलंबित (संथ लयीतला) मारवा ऐकताना ती हुरहुर अक्षरशः अंगावर येते. (हा मात्र दिवस मावळतानाच ऐकावा.)

आणि हो, १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांबरोबर गेलेल्या तबकडीवर शेवटी हीच कावातिना आहे, आणि तिच्या जरा आधी गायिका केसरबाई केरकरांची भैरवी.